हार्ड डिस्क ‘गेली’ म्हणण्यापूर्वी : जोडणीतले दोष कसे तपासावेत

गेल्या पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मंडळाच्या खोलीतल्या संगणकावरून मोडी कागदांच्या स्कॅनची डिस्क दिसेनाशी झाली. पश्चिमेच्या भिंतीला ओल आली म्हणून आम्ही टेबल समोरच्या भिंतीकडे सरकवले होते. बेळगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. टेबल हलवले, मागच्या वायरी परत जोडल्या, संगणक चालू केला. विंडोज व्यवस्थित आले, पण डी ड्राइव्ह नाही. बंद करून परत चालू केला तेव्हा दिसला. दहा मिनिटांनी परत गायब.

त्या डिस्कवर काय होते ते आधी सांगतो. शहापूरच्या एका साडी-व्यापारी घराण्याच्या खतावण्या आणि कीर्दी, बहुतेक मोडीत. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते, बेळगाव इंग्रजी अमलात. दोन्हीकडच्या बाजाराचे व्यवहार त्या वह्यांत आहेत. कुठल्या विणकराला किती सूत दिले, किती साड्या परत आल्या, कुणाच्या नावावर किती बाकी राहिली, हे सगळे. चार हजारांवर पाने आम्ही दोन वर्षे दर रविवारी बसून स्कॅन केली आणि वह्या घरच्यांना परत दिल्या. नंतर त्यांचा जुना वाडा पाडला गेला आणि त्या धांदलीत गठ्ठे रद्दीत गेले. म्हणजे जे होते ते एवढेच.

‘मग बॅकअप नव्हता का?’ असे कुणीही विचारेल. होता. त्याच डिस्कवर, ‘बॅकअप’ नावाच्या फोल्डरमध्ये. ही चूक माझीच, म्हणून आधीच कबूल करतो.

दुरुस्तीच्या एका दुकानात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, ‘सर, डिस्क गेली असणार. नवीन घाला, नाहीतर एकदा फॉरमॅट मारून बघू.’ त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना संगणक चालू झालेला हवा असतो. आपल्याला संगणक नको होता, आत काय आहे ते हवे होते. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यात बरीच वर्षे मेंटेनन्समध्ये काढली. तिथे एक नियम होता : मशीन चालेना म्हणून लगेच मोटर उघडायची नाही. आधी करंट येतोय का बघायचा, मग फ्यूज, मग टर्मिनल, मग केबल. मोटर सगळ्यात शेवटी. संगणकाच्या डिस्कलाही हाच नियम लागू आहे. ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश आला म्हणजे डिस्क मेली असा अर्थ होत नाही. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यातले बोलणे कुठेतरी तुटले, एवढाच त्याचा अर्थ. ते कुठे तुटले हे बाहेरून आत, एकेक टप्पा तपासत शोधायचे.

काहीही करण्याआधी : काय करायचे नाही

फॉरमॅट करायचे नाही. ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा चौकोन विंडोज पुढे करते, तिथे ‘कॅन्सल’ दाबायचे. ‘इनिशियलाइझ’ करू का असे विचारले तरी नाही म्हणायचे. नव्या कोऱ्या डिस्कला ते लागते. जुन्या डिस्कवर केले तर विभागांची नोंद पुसली जाते. ‘चेकडिस्क’ही चालवायचे नाही. तो प्रोग्राम डिस्कवर लिहून दुरुस्ती करतो आणि जोडणीच सदोष असेल तर दुरुस्तीच्या नावाखाली चुकीचे लिहून बसतो. मोडी कागदाचा तुकडा पडला तर आपण तो लगेच डिंकाने चिकटवत नाही ना, तसेच हे.

दुसरे, कान द्या. फिरणाऱ्या तबकड्यांची डिस्क चालू होताना हलकी घरघर करते आणि मग एका लयीत फिरते. ठराविक अंतराने ‘टक्... टक्... टक्’ किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर तिथेच संगणक बंद करा. तबकडीवरून डोके अतिशय कमी अंतरावर तरंगत असते. ते बिघडले असेल तर प्रत्येक मिनिटाला मजकूर खरवडला जाऊ शकतो. असा आवाज असेल तर पुढचे सगळे सोडा आणि डेटा-रिकव्हरीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. (एसएसडीत फिरणारे काही नसते, त्यामुळे तिथे कानाचा उपयोग नाही.)

आमची डिस्क एका लयीत फिरत होती. टकटक नव्हती. तेवढ्यावर मी पुढे जायचे ठरवले.

तक्रार कोण करतो आहे?

इतिहासात आपण विचारतो की हे कुणी लिहिले आणि त्याला ते कुठून कळले. इथेही तेच विचारायचे. संगणक चालू होताच काळ्या पडद्यावर ‘बूट डिव्हाइस नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर तो मदरबोर्डचा. विंडोज पूर्ण उघडल्यावर डिस्क दिसत नाही किंवा ‘आय-ओ एरर’ येते, तर ती तक्रार विंडोजची.

निवाडा करायला बायोसमध्ये जायचे. संगणक चालू करताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ दाबत राहिले की बहुतेक मदरबोर्डांवर बायोस उघडते. तिथे सॅटा जोडण्यांची यादी असते आणि डिस्कचे मॉडेल नाव दिसायला हवे.

बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोजमध्ये नाही : तार बहुधा ठीक, दोष पुढच्या टप्प्यात.

बायोसमध्येच दिसत नाही : तार, करंट, पोर्ट किंवा खुद्द डिस्क.

कधी दिसते, कधी नाही : आधी जोडणीवर संशय घ्या. आमचे असेच होते.

डेटाची केबल

कॅबिनेट उघडण्याआधी संगणक बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि पॉवरचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. मग कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. काही काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, नंतर कुठली वायर कुठे होती हा वाद राहत नाही.

साधारण २००३ नंतरच्या संगणकांत डिस्कला सॅटाच्या दोन जोडण्या असतात : ७ संपर्कांची अरुंद डेटा केबल आणि १५ संपर्कांची रुंद पॉवर केबल. दोन्हींच्या तोंडाला ‘एल’ आकाराची खाच असते, त्यामुळे उलटी बसत नाहीत. पण अर्धवट मात्र बसतात. जुन्या केबलना पकडणारी क्लिप नसते, टेबल हलवले तरी तोंड केसभर सरकते आणि एखादा संपर्क सुटतो.

म्हणून पहिला उपाय साधा आहे : दोन्ही टोके काढा आणि सरळ दाबून परत बसवा. तिरके दाबू नका, डिस्कच्या बाजूची प्लॅस्टिकची जीभ मोडते आणि मग खरेच डिस्क गेली. शिवाय हे उगाच पुन्हा पुन्हाही करू नका. आतली सॅटा जोडणी साधारण ५० वेळा काढ-घाल करण्याच्या हिशेबाने बनवलेली असते.

एवढ्याने भागले नाही तर केबल बदला. केबल फार तीक्ष्ण वळणात दुमडलेली किंवा झाकणाखाली चेपलेली असेल तर बाहेरून चांगली दिसली तरी आत सिग्नल बिघडतो. नव्या केबलनेही जमले नाही तर तीच केबल मदरबोर्डच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळे एकदम बदलले आणि डिस्क चालू झाली तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही.

आपल्या हवेत आणखी एक गोष्ट होते. चार महिने दमट हवा आणि वर धूळ, यांनी संपर्कांवर पातळ थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रॅमच्या पट्टीला लोक खोडरबर घासतात, पण डिस्कच्या तोंडाला ते नको, सोन्याचा मुलामा निघतो.

करंटची केबल

साडेतीन इंची डिस्कला दोन व्होल्टेज लागतात : मोटर फिरवायला १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक्सला ५ व्होल्ट. त्यातले एक नीट पोचले नाही तर डिस्क फिरत नाही, किंवा फिरते पण ओळख देत नाही. एसएमपीएसच्या दुसऱ्या पट्ट्यावरचा प्लग लावून बघा. जुन्या चार पिनांच्या प्लगवरून सॅटा करणारे स्वस्त कन्व्हर्टर वापरले असतील तर ते आधी काढून टाका. एकसंध प्लॅस्टिक ओतून केलेल्या तोंडात तारा जवळ येऊन शॉर्ट झाल्याची आणि तोंड जळाल्याची उदाहरणे बरीच आहेत.

इथे एक धोक्याची सूचना. काही एसएमपीएसच्या केबल सुट्या करता येतात. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला वापरू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या जागी गेले की डिस्कचा बोर्ड क्षणात जळतो.

बायोसमधल्या गोष्टी

तारा ठीक असूनही डिस्क दिसत नसेल तर तीन गोष्टी बघा. एक, तो पोर्ट बायोसमध्ये बंद केलेला नाही ना. दोन, मदरबोर्डवर नुकतीच छोटी एम-डॉट-टू डिस्क बसवली आहे का. पुष्कळ मदरबोर्डांत ती बसवली की एक-दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद होतात. नवी डिस्क घातली आणि जुनी ‘मेली’ अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. कुठले पोर्ट बंद होतात ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते.

तीन, बायोसची बॅटरी. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की लाईट गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि त्याबरोबर सॅटाची मांडणीही मूळ पदावर जाऊ शकते. ‘एएचसीआय’च्या जागी ‘आयडीई’ किंवा ‘रेड’ आले की विंडोज निळा पडदा दाखवून थांबते आणि आपल्याला वाटते डिस्क गेली. मूळ मांडणी परत निवडली की बहुतेक वेळा चालते. म्हणून डिस्कची तक्रार आली की पडद्यावरची तारीख बघण्याची सवय लावा.

या तारखेचा आपल्या कामाशी दुसराही संबंध आहे. बॅटरी संपलेल्या संगणकावर स्कॅन केलेल्या फायलींवर भलतीच तारीख पडते. शके आणि सन यांचा मेळ घालताना आपण किती जपतो, मग आपल्याच फायलींवर खोटी तारीख का असू द्यायची? स्कॅन केल्याची तारीख फायलीच्या नावातच लिहा.

बायोसला दिसते, विंडोजला नाही

‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. इथे चार गोष्टी दिसू शकतात. डिस्क आहे पण तिला अक्षर नाही : अक्षर द्या, काम झाले. असे पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर घेतले की होते. डिस्क ‘ऑफलाइन’ : उजवे बटण दाबून ‘ऑनलाइन’ करा. विभागावर ‘रॉ’ लिहिलेले : विंडोजला त्याची रचना वाचता येत नाही, इथे फॉरमॅटचा मोह टाळायचा. ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ : आधी केबल आणि पोर्ट परत तपासा, कारण डिस्क नीट वाचली जात नसेल तरी हेच दिसते.

बाहेरून जोडायच्या यूएसबी डिस्कचे तंत्र थोडे वेगळे. हब काढा आणि कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला थेट लावा. साडेतीन इंची डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर लागतोच, छोटी अडीच इंची यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. डब्यातला बोर्ड गेला असेल तर आतली डिस्क काढून सॅटाला लावता येते, पण काही डब्यांत तो बोर्डच मजकूर सांकेतिक करून लिहितो. तशा डिस्कला नुसती बाहेर काढून वाचता येत नाही, म्हणून मूळ डबा फेकू नका.

आणि कुणाकडे रुंद पट्टीची ४० पिनांची जुनी आयडीई डिस्क असेल, तर मागचा जम्पर बघा. एका पट्टीवर दोन्ही डिस्क ‘मास्टर’ ठेवल्या तर एक किंवा दोन्ही दिसत नाहीत.

डिस्कची स्वतःची नोंदवही

इतकी वर्षे कागद वाचल्यावर मला सगळ्यात आवडलेला भाग हा. प्रत्येक आधुनिक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. चार ओळी बघायच्या.

क्रमांक ५ : खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा.
क्रमांक १९७ : वाचता न आल्याने संशयित ठेवलेल्या जागा.
क्रमांक १९८ : तपासणीत वाचताच न आलेल्या जागा.
क्रमांक १९९ : केबलवरून येता-जाता बिघडलेल्या मजकुराची संख्या.

पहिल्या तिन्हींत आकडे असतील आणि वाढत असतील तर दोष तबकडीत. ते शून्य आणि १९९चा आकडा मोठा, तर डिस्क सांगते आहे की मी ठीक आहे, रस्ता खराब आहे. (क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे सोळाच्या पद्धतीने दाखवते, मांडणीत जाऊन दशमान करून घ्या. १९९ला तिथे ‘सी-७’ म्हणतात.) १९९चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही. तो वाढायचा थांबला का, एवढेच बघायचे.

आमच्या डिस्कच्या ५, १९७ आणि १९८ समोर शून्य होते. १९९ समोर हजाराच्या वर आकडा. झाकण काढले तर डेटा केबल डिस्कच्या कडेला चेपून जवळपास घडी पडलेली. टेबल हलवताना कॅबिनेट आडवे धरले, त्यात झाकण दाबले गेले असणार. नवी केबल लावली आणि डी ड्राइव्ह आला.

पुढे काय केले

डिस्क दिसली की सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे प्रत. तपासणी नंतर. आम्ही त्याच संध्याकाळी नवी डिस्क आणून सगळे उतरवून घेतले. ए-चार आकाराचे रंगीत पान ३०० डीपीआयने, न दाबता साठवले तर सुमारे २६ एमबी होते, म्हणजे चार हजार पानांचे शंभर जीबीहून जास्त. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघे चहा पीत बसलो होतो, पडद्यावरची हिरवी पट्टी बघत. डिस्कमध्येच खराब जागा असत्या तर साधी कॉपी न करता लिनक्सवरचा ‘डीडीरेस्क्यू’ वापरला असता. तो आधी चांगला भाग उचलतो आणि अवघड जागांवर नंतर परत येतो. त्यानंतर आठवडाभर १९९चा आकडा रोज वहीत लिहिला. वाढला नाही.

आता मंडळाचा नियम असा : प्रत्येक स्कॅनच्या तीन प्रती. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरी. एकाच डिस्कवरचे दोन फोल्डर म्हणजे दोन प्रती नव्हेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक डिस्क लावून फायली उघडून बघायच्या आणि स्मार्टचे चार आकडे वहीत लिहायचे. ही वही कागदाचीच आहे.

राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली छापला, तेव्हा त्यातली पत्रे एका घरातून अनेक घरांत गेली. छापलेली प्रत शंभर ठिकाणी असते, म्हणून एका ठिकाणची आग किंवा वाळवी तिला संपवू शकत नाही. स्कॅन करून आपण कागद वाचवला असे आपल्याला वाटते. पण स्कॅन एका डिस्कवर राहिला तर आपण फक्त कागदाचा धोका लोखंडी पेटीत हलवला. शहापूरच्या वह्यांची तिसरी प्रत आम्ही त्या घराण्यातल्या धाकट्या पिढीकडेच ठेवायला दिली. पणजोबांचा हिशेब मोबाइलवर बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘हे वाचायला शिकवाल का?’ मोडीचा वर्ग रविवारी असतो, ते आता येतात.

सभासदांना एक विनंती. कपाटात ‘गेलेली’ म्हणून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क कुणाकडे असेल, तर ती भंगारात घालू नका. टकटक करत नसेल तर रविवारी घेऊन या. आधी केबल बदलून बघू.